घरखर्च : रोजच्या साध्या गोष्टींतून खरंच किती वाचतं?

निशिगंध
नमस्कार मंडळी,
बरीच वर्षं इथे वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

घरात आम्ही पाच जण : आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. मागच्या वर्षापर्यंत दोन पगार यायचे, आता एकच येतो. अगदी अडलंय असं नाही. कर्जाचा हप्ता वेळेवर जातो, मुलांच्या फीचंही आधीपासून बाजूला ठेवलेलं आहे. पण महिन्याचा शेवटचा आठवडा आला की मला बँकेचं अ‍ॅप उघडायची भीती वाटते.

गुंतवणुकीवर इथे भरपूर धागे आहेत, ते नको. मला रोजच्या जगण्यातलं हवंय. वीज, पाणी, स्वयंपाक, कपडे, औषधं यांत नेमकं कशाने फरक पडतो आणि कशाने फक्त काटकसर केल्याचं समाधान मिळतं? शक्य असेल तर आकड्यांसकट सांगा.

आणखी एक. परवा धाकटीने विचारलं, "आई, आपण गरीब झालो का?" मी दिवे बंद करा, नळ बंद करा असं दिवसभर म्हणत असते, त्यावरून तिने ते ठरवलं. तेव्हा घराचा चेहरा न उतरवता हे कसं करायचं, तेही सांगा.

वाटसरू
पहिला महिना काहीच कमी करू नका. फक्त लिहा. प्रत्येक खर्च, त्याच दिवशी, वहीत. अ‍ॅपमध्ये आपोआप नोंद होते खरी, पण आपण ती बघत नाही. हाताने लिहिलं की आकडा डोळ्यांखालून जातो.

जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची छापील वही काढली, 'काकेइबो' म्हणतात तिला. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे आधी प्रत्येक खात्याला रक्कम ठरवायची आणि मग खर्च लिहायचा. नुसता खर्च लिहिला तर तो इतिहास होतो. आधी ठरवून लिहिला तर महिन्याच्या १५ तारखेलाच कळतं की कुठलं खातं आटत आलंय.

चिवट
वाटसरूंना +१.
माझ्याकडून दोन : आपोआप नूतनीकरण होणाऱ्या सगळ्या वर्गण्या एका कागदावर काढा. आमच्या घरी सात निघाल्या, त्यातल्या तीन कोणी वापरतच नव्हतं. आणि गळका फ्लश. टाकीत थोडा रंग टाका आणि अर्धा तास कोणी वापरू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलाय.

गणिती
आकडे मागितलेत, म्हणून जरा लांब लिहितो.

विजेचा एक युनिट म्हणजे १००० वॉट एक तास. एवढं लक्षात ठेवलं की घरातल्या प्रत्येक वस्तूचा हिशेब करता येतो.

६० वॉटच्या जुन्या बल्बइतका उजेड साधारण ९ वॉटचा एलईडी देतो. रोज ५ तास धरले तर वर्षाला एका दिव्यामागे सुमारे ९३ युनिट वाचतात. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, नव्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा ३० वॉटच्या आसपास. रोज १२ तास चालत असेल तर दिवसाला अर्धा युनिट वाचतो. टीव्हीखालचा डबा 'बंद' असताना १० वॉट घेत असेल (जुने कित्येक घेतात), तर वर्षाला ८७ युनिट. म्हणजे कोणी काही बघत नसताना एका दिव्याची सगळी बचत तिथे जाते.

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे गरम पाणी. १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे ०.४४ युनिट लागतो. मिनिटाला १० लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली कोणी १० मिनिटं उभं राहिलं तर १०० लिटर, म्हणजे जवळपास ३ युनिट. त्यात ९ वॉटचा दिवा ३०० तासांहून जास्त जळेल. तेव्हा मुलांच्या मागे दिव्यासाठी लागू नका. एलईडी असेल तर राहिला चुकून चालू, तर राहिला. आंघोळीच्या पाण्याकडे बघा.

निशिगंध
@गणिती, हे मला कोणी कधी असं सांगितलंच नव्हतं. मी दिव्यांवरून ओरडत होते आणि थोरला वीस मिनिटं शॉवरखाली असतो!

खटपट्या
थोरल्याला काही बोलू नका, त्याच्या हातात बादली आणि कॅल्क्युलेटर द्या. एक मिनिट शॉवर बादलीत सोडायचा आणि पाणी मोजायचं. त्या वयाच्या मुलांना आईचं पटत नाही, मोजमाप पटतं. :)

माझं क्षेत्र दुरुस्ती, म्हणून त्यातलं सांगतो. फ्रिज चोवीस तास चालतो, त्यामुळे त्याची तब्येत आधी बघा. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर थंडावा बाहेर जातोय. बऱ्याचदा रबर नुसतं मळलेलं असतं, कोमट साबणाच्या पाण्याने पुसलं की पुन्हा चिकटतं. मागची जाळी धुळीने माखली असेल तर प्लग काढून ब्रशने झाडा. आतलं तापमान ४ अंशांच्या आसपास आणि फ्रीझर उणे १८, त्याहून थंड ठेवून फायदा नाही.

आता शेगडी. पाण्याला उकळी आली की आच कितीही मोठी ठेवली तरी उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. वाढते ती फक्त वाफ. एक लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साधारण सातपट तेच पाणी वाफ करून उडवायला लागते. म्हणून उकळी आली की आच कमी आणि झाकण घट्ट. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून शिजायला वेळ कमी लागतो. ही युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ यांनी १६७९ मध्ये दाखवली. शिट्ट्यांच्या बाबतीत मात्र घरोघरी चूक होते. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची. जोरात होणारी प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर सोडलेलं इंधन.

कोरा कागद
थोडं विरोधी मत मांडतो, राग मानू नका.

हे सगळं खरं आहे, पण माणसाची शक्ती मर्यादित असते. रोज शंभर छोट्या गोष्टींवर लक्ष ठेवणारं घर दोन महिन्यांत थकतं आणि तिसऱ्या महिन्यात सगळं सोडून देतं. त्यापेक्षा तीन मोठे खर्च घ्या : राहतं घर, वाहन आणि कर्ज. यांतल्या एकावर वर्षातून एकदा दोन तास बसलात तर वर्षभराच्या शिट्ट्यांहून जास्त वाचेल. कर्जाचा व्याजदर कमी करून मागितला आहे का कधी? दुसऱ्या वाहनाची गरज दोन पगारांच्या काळातली होती, ती आज आहे का? विम्याचं नूतनीकरण डोळे मिटून होतं की तुलना करून?

आणि कर्ज घेताना 'फ्लॅट' दर हा शब्द दिसला की थांबा. ३ वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट म्हणजे मूळ रकमेवर पूर्ण ३० टक्के व्याज. तुम्ही मुद्दल दर महिन्याला फेडत असता, तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवर लागत राहतं. घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो दर जवळपास १८ टक्के पडतो.

वाटसरू
कोरा कागद, मोठ्या खर्चांबद्दल सहमत. पण 'छोट्याने काही होत नाही' याला असहमत. मोठे निर्णय वर्षातून एकदाच येतात. मधल्या अकरा महिन्यांत हात आखडता घ्यायची सवय नसेल तर मोठ्यातून वाचलेलं छोट्यातून निघून जातं. माझ्या घरी अगदी तेच झालं. हप्ता कमी झाला आणि बाहेरून जेवण मागवणं वाढलं. वर्षअखेर शिल्लक होती तेवढीच.

चिवट
अवांतर : बल्बवरून आठवलं. १९२४ मध्ये बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी जिनिव्हात 'फीबस' नावाची टोळी केली आणि बल्बचं आयुष्य १००० तासांवर बांधलं. जास्त टिकणारा बल्ब बनवला तर दंड! आपण घरी कितीही काटकसर करा, वस्तूच मुद्दाम कमी टिकणारी असेल तर काय?

खटपट्या
दंड होता हे खरं. पण दुसरी बाजूही आहे. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावी अग्निशमन केंद्रात १९०१ पासून एक बल्ब जळतोय, तो दाखवून लोक म्हणतात, बघा पूर्वी कसं टिकायचं. तो आज साधारण ४ वॉटवर मिणमिणतो. तार कमी तापवली की बल्ब टिकतो, पण उजेड कमी आणि तेवढ्या उजेडामागे वीज जास्त. टिकाऊपणा हा एकटा निकष धरू नये.

विकत घेताना मी तीन गोष्टी बघतो. स्क्रूने उघडते का? सुटे भाग मिळतात का? बॅटरी बदलता येते का? चिकटवून बंद केलेली वस्तू स्वस्त असली तरी एकदाच वापरायची असते.

सुईदोरा
सगळं वाचलं. छान माहिती आहे. आता मनातलं लिहिते.

आमच्या घरी पंधरा वर्षं बचत झाली आणि ती माझ्या हातांनी झाली. विकतचं बंद करून घरी करायचं, शिवायचं, उसवून पुन्हा शिवायचं, तीन दुकानं फिरून स्वस्तातलं आणायचं, उरलेल्याचं दुसऱ्या दिवशी काहीतरी करायचं. वहीत वाचलेले पैसे दिसायचे. माझे संध्याकाळचे दोन-दोन तास कुठेच लिहिलेले नसायचे. घरातले कौतुक करायचे, "हिच्यामुळे घर चालतं." मला ते ऐकून बरं वाटायचं. पाठदुखी सुरू झाली तेव्हा कळलं की आम्ही पैसे वाचवत नव्हतो, ते माझ्या अंगावरून वळते करत होतो.

शिवणाला माझा विरोध नाही. आजही बटण तुटलं, उसवलं तर त्याच दिवशी टाका घालते, कारण छोटं उसवलेलं आठवड्यात मोठं होतं. पण निशिगंध, वहीत एक रकाना जास्तीचा आखा : हे कोण करणार? प्रत्येक नव्या उपायापुढे तुमचंच नाव येत असेल तर तो उपाय नीट झालेला नाही. आमच्याकडे आता नवरा शनिवारी आठवड्याच्या खरेदीची यादी करतो, फ्रिज उघडून. मुलगा स्वतःची इस्त्री करतो.

मृगजळ_नाही
सुईदोरा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

जुनी वही
वय ७१, निवृत्त. सुईदोरा यांनी लिहिलेलं माझ्या पिढीतल्या पुरुषांनी वाचायला हवं. मी स्वतः निवृत्तीनंतर स्वयंपाकघराचा साठा सांभाळायला घेतला, त्यातलं थोडं.

नवं आणलेलं मागे, जुनं पुढे. एवढा एक नियम. फ्रिजमध्ये डोळ्यांच्या उंचीवरचा एक कप्पा 'आधी हे संपवा' असा ठेवला आहे, त्यावर चिठ्ठीही लावली आहे. 'अमुक तारखेपूर्वी उत्तम' आणि 'अमुक तारखेपूर्वी वापरा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली चवीबद्दल आणि दर्जाबद्दल बोलते, दुसरी सुरक्षेबद्दल. पहिली उलटली म्हणून चांगला जिन्नस फेकू नये, दुसरी उलटली तर मोह धरू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. हॉटेलं, दुकानं यांचा वाटा त्यानंतर. मला तोवर हा दोष दुसऱ्यांचाच वाटत असे.

खरेदीला जाताना पाकिटावरची किंमत बघू नका, किलोची किंवा लिटरची काढा. १०० ग्रॅमचं पाकीट त्याच किमतीत ९० ग्रॅमचं झालं की भाववाढ ११ टक्क्यांची असते, दिसत मात्र नाही. 'दोनवर एक मोफत' हा फायदा तिसरं संपलं तरच.

कोरा कागद
सुईदोरा, पटलं. मी 'माणसाची शक्ती' असं मोघम लिहून गेलो. शक्ती एका विशिष्ट माणसाची खर्च होते, ते लिहायला हवं होतं.

अर्धा दिवस
एक वेगळी बाजू. माझ्याकडे वाचवायला काही उरतच नाही. शॉवर नाही, दुसरं वाहन नाही, बंद करायला वर्गणी नाही. मोठं पाकीट स्वस्त पडतं हे मलाही कळतं, पण ते घ्यायला एकदम हातात पैसे लागतात. म्हणून लहान घेतो आणि किलोमागे जास्त देतो. टिकाऊ चपलांचंही तेच. मागे आजारपणात क्रेडिट कार्ड वापरलं, ते अजून फिटत नाही. दर महिन्याला किमान रक्कम भरतो. काही सुचवता येईल का?

गणिती
@अर्धा दिवस, तुमच्यासाठी पहिलं पाऊल ते कार्डच.

दरमहा ३ टक्के व्याज वर्षाला ३६ होत नाही, चक्रवाढीने साडेबेचाळीसच्या वर जातं. किमान रक्कम ५ टक्के असेल तर त्यातले जवळपास ३ व्याजातच जातात. एकही नवी खरेदी न करता किमान रक्कम भरत राहिलात तर कर्ज निम्मं व्हायलाच ३२ महिने लागतात. म्हणून (१) कार्ड वापरणं आजपासून बंद, (२) बँकेला फोन करून थकबाकीचे कमी व्याजाचे ठरावीक हप्ते करून मागा, बऱ्याच बँका करून देतात, (३) किमान रकमेच्या वर जेवढं जमेल तेवढं, अगदी थोडं असलं तरी, मुद्दलात. यापेक्षा जास्त परतावा देणारी बचत मला माहीत नाही. ज्याच्यावर असं कर्ज आहे त्याने आधी दुसरीकडे साठवू नये, आजारपणापुरतं थोडं हाताशी ठेवून बाकी इथेच.

जुनी वही
@अर्धा दिवस, मोठ्या पाकिटाचं : दोन-तीन घरं मिळून घ्या आणि वाटून घ्या. आम्ही सुरुवातीची वर्षं असंच केलं. औषधं नेहमीची असतील तर डॉक्टरांना सांगा, "घटकाच्या नावाने लिहून द्या." त्याच घटकाचं, त्याच मात्रेचं जेनेरिक औषध पुष्कळ स्वस्त असू शकतं. मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका. आणि मागायची लाज वाटू देऊ नका. मला वाटायची, त्यात माझी काही वर्षं गेली.

अर्धा दिवस
धन्यवाद. उद्या फोन करतो.

वाटसरू
सवयींबद्दल आणखी एक. रिचर्ड थेलर यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी श्लोमो बेनार्त्झी यांच्याबरोबर एक साधी योजना मांडली होती. आजच्या पगारातून कापू नका, पुढच्या पगारवाढीचा काही भाग बचतीत जाईल असं आज कबूल करा. ज्या कंपनीत ती पहिल्यांदा राबवली, तिथे योजना घेतलेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात आलेलं कमी झालं की दुखतं, अजून न आलेलं बाजूला काढलं तर दुखत नाही. तुमच्या घरी दुसरा पगार पुन्हा सुरू होईल तेव्हासाठी आजच ठरवून ठेवा.

निशिगंध
(तीन महिन्यांनी)

उशीर झाला, माफ करा. हिशेब देते.

पहिला महिना फक्त लिहिलं. सर्वात मोठी गळती 'किरकोळ' नावाच्या खात्यात होती, आणि त्यातलं निम्मं मी थकलेल्या दिवशी केलेलं होतं. सुईदोरा, तुमचा रकाना आखला. पहिल्या आठवड्यात अकरा कामांपुढे नऊदा माझं नाव आलं. वही जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवली, कोणाला काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतःहून साठ्याचं काम घेतलं. म्हणाल्या, "मला विचारलंस कधी?" खरंच विचारलं नव्हतं. 'आधी हे संपवा' कप्पा त्यांच्या ताब्यात आहे आणि कडक शिस्तीत आहे.

थोरल्याने शॉवर मोजला : मिनिटाला १२ लिटर. आता तो सहा मिनिटांत बाहेर येतो आणि आम्हालाही घड्याळ लावतो. कोरा कागद, कर्जाचा दर कमी करून मागितला, अर्जाला एक दुपार गेली, मिळाला. एवढ्या एका गोष्टीने बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त वाचलं, हे प्रामाणिकपणे सांगते. दुसरं वाहन मात्र ठेवलं आहे. त्यावर घरात अजून एकमत नाही.

धाकटीला वहीतलं एक पान दिलं. मीटरचा आकडा दर रविवारी ती लिहिते. "गरीब झालो का" याचं उत्तर मी तिला सरळ दिलं : पूर्वीपेक्षा कमी पैसे येतात, जे लागतं ते सगळं आहे, आणि कशाला किती लागतं ते आपण मिळून बघतोय. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग रविवारी मीटर मीच बघायचा ना? दादाने नाही?"

@अर्धा दिवस, तुमचं काय झालं?

अर्धा दिवस
हप्ते करून मिळाले, १८ महिन्यांचे. दोन भरले.

खटपट्या
निशिगंध, फ्रिजचा कागद ओढून बघितला का?

निशिगंध
बघितला. वरच्या कोपऱ्यातून सहज येतो, साबणाने पुसूनही. रबर घरी बदलता येतं का?

खटपट्या
येतं. दाराच्या आतल्या बाजूला खाचेत नुसतं दाबून बसवलेलं आहे की स्क्रूने धरलंय, ते बघून सांगा. रबर ओढून काढू नका, आधी कोपरा हलकेच उचलून फोटो टाका.